पारंपरिक जपानी मिठाई शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी मिठाई करायला शिकू इच्छिणाऱ्या मराठी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ज्या गोष्टी शिकताना हाताला कठीण जातात त्यांची उत्तरे लांब आहेत, आणि ज्या एका वाक्यात सांगता येतात त्या तेवढ्यातच सांगितल्या आहेत.

वागाशी म्हणजे नेमके काय?

जपानच्या पारंपरिक मिठाईला वागाशी म्हणतात. हा शब्द मात्र मिठाईइतका जुना नाही. मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, पाश्चात्त्य केक आणि बिस्किटे जपानात रुळू लागली, त्यांना ‘योगाशी’ हे नाव पडले, आणि त्यांच्यापासून वेगळी ओळख सांगण्यासाठी देशी मिठाईला ‘वागाशी’ म्हटले जाऊ लागले. तिची घडण कितीतरी आधीपासून चालू होती. चीनमधून आलेल्या झेन भिक्षूंच्या खाण्यातून मांजू (आत सारण भरलेले वाफवलेले बन) आणि योकान हे प्रकार आले. योकान या शब्दाची चिनी अक्षरे मेंढीच्या मांसाच्या रश्शाची आहेत, पण मांस न खाणाऱ्या भिक्षूंनी त्याच्या जागी कडधान्याचा पदार्थ आणला आणि पुढे त्याची गोड वडी झाली.

वर्गीकरण पाण्याच्या प्रमाणावरून करतात. तयार मिठाईत ३० टक्के किंवा त्याहून अधिक पाणी असेल तर ती नामागाशी (ओली मिठाई), १० ते ३० टक्के असेल तर हान-नामागाशी, आणि १० टक्क्यांपर्यंत असेल तर हिगाशी (कोरडी मिठाई). चहाच्या समारंभात घट्ट माच्चाबरोबर (माच्चा म्हणजे हिरव्या चहाच्या भुकटीचा चहा) ओली मिठाई देतात आणि पातळ माच्चाबरोबर कोरडी. फुलापानांच्या आकाराची जी नाजूक मिठाई छायाचित्रांत दिसते ती ओल्या मिठाईतली वरच्या दर्जाची, म्हणजे जोनामागाशी. बहुतेकांना तीच शिकायची असते, म्हणून पुढील उत्तरांचा रोख तिच्याकडे आहे.

सुरुवात कोठून करावी? पहिल्याच दिवशी फुले करता येतील का?

करता येतील, परंतु तसे करू नये असे माझे ठाम मत आहे. जपानी मिठाईचा जीव ‘आन’मध्ये असतो. आन म्हणजे शिजवून, गाळून, साखर घालून आटवलेले कडधान्य, आपल्या पुरणाचे दूरचे भावंड. तयार आन विकत आणून फुलाचा आकार देता येतो, पण ते घट्ट का, सैल का, चिकट का, हे कळत नाही, आणि कळत नाही तोवर हातातली प्रत्येक चूक दैवाधीन वाटत राहते.

अझुकी या लहान लाल कडधान्याचे गुळगुळीत आन, म्हणजे कोशिआन, करताना दाणे धुऊन उकळायला ठेवतात आणि पाणी तांबूस-तपकिरी झाले की ते पूर्ण ओतून टाकतात. या क्रियेला शिबुकिरी म्हणतात. तिने सालीतला तुरटपणा जातो. नवीन पाण्यात दाणे मंद आचेवर इतके शिजवतात की अंगठा आणि करंगळी या सर्वांत दुबळ्या जोडीत धरलेला दाणाही सहज दबावा. मग ते चाळणीवर घासून साली वेगळ्या करतात, खाली आलेला गर भरपूर पाण्यात निवळू देतात, वरचे गढूळ पाणी ओततात, आणि पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसेपर्यंत हे दोन-तीन वेळा करतात. शेवटी गर फडक्यात घट्ट पिळतात. हे झाले नामाआन, म्हणजे बिनसाखरेचे कच्चे आन. त्याच्या वजनाच्या साधारण ६० टक्के साखर पाण्यात विरघळवून उकळतात, त्यात नामाआन घालतात आणि तळ न सोडता ढवळत आटवतात.

येथे मिक्सर का चालत नाही, हे समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. दाणा शिजतो तेव्हा त्यातील प्रथिने गोठून पिष्टाभोवती आवरण धरतात, त्यामुळे शिजलेला गर अगदी बारीक, सुट्या कणांचा राहतो. जिभेवर आन रेशमासारखे सरकते ते या अखंड कणांमुळे. पात्याने ते कण फाटले की आतले पिष्ट बाहेर येते आणि सगळ्याची खळ होते. मी क्योटोमध्ये शिकत असताना वेळ वाचवण्यासाठी घरी एकदा मिक्सर लावला आणि ते आन मोठ्या उत्साहाने सेन्सेईंना, म्हणजे गुरूंना, दाखवायला नेले. त्यांनी चिमूटभर आन दोन बोटांत घेतले, बोटे दूर केली, मध्ये तार ओढली गेली ती मला दिसू दिली, आणि काही न बोलता माझ्यासमोर चाळणी ठेवली.

आन झाले की नाही हे पाहण्याची खूण मराठी घरात वाढलेल्याला लगेच समजते. पुरणात उलथने उभे राहिले की पुरण झाले असे आपण म्हणतो. येथे आन कालथ्याने उचलून परत भांड्यात टाकतात, आणि पडलेला गोळा डोंगरासारखा उभा राहिला, पसरला नाही, की आच बंद करतात. गार होताना आन आणखी घट्ट होते, म्हणून पातेल्यात असताना ते किंचित सैल वाटले पाहिजे. उतरवल्यावर ते पातेल्यात ठेवू नये. छोटे छोटे गोळे ताटावर मांडून गार करावे.

भारतात अझुकी मिळाली नाही तर काय वापरावे?

सरावासाठी लाल चवळी उत्तम. अझुकी, चवळी, मूग आणि उडीद ही सारी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातली जवळची भावंडे आहेत. खुद्द जपानातही सणाच्या लाल भातात अझुकीऐवजी चवळी घालण्याची एदोची, म्हणजे आजच्या टोकियोची, रीत होती. शिजताना अझुकीची साल फुटते, ती पोट फाडल्यासारखी दिसते, आणि सामुराईंच्या शहरात ते अशुभ मानले गेले. चवळीच्या आनाला अझुकीचा सुवास येत नाही, पण शिजवणे, गाळणे, निवळणे आणि आटवणे या चारही क्रिया तिच्यावर नीट शिकता येतात.

पांढऱ्या आनासाठी, म्हणजे शिरोआनसाठी, जपानात तेबो नावाचा लहान पांढरा घेवडा वापरतात. आपल्याकडे पांढरा राजमा चालतो. तो रात्रभर भिजवावा आणि साल मुळीच मागे राहू देऊ नये, कारण पांढऱ्या आनात सालीचा एक तुकडासुद्धा लपत नाही.

मोदकाची पिठी चालेल का?

काही मिठाईंना चालते, काहींना अजिबात नाही. हा फरक नीट लक्षात घेतला नाही तर साहित्य वाया जाते.

साधा तांदूळ धुऊन, वाळवून, दळून जे पीठ होते त्याला जोशिन्को म्हणतात. आपण मोदकासाठी तांदूळ धुऊन सावलीत वाळवून पिठी दळतो, ती कृती हीच. दांगोसाठी, म्हणजे पिठीच्या शिजवलेल्या गोळ्यांसाठी, किंवा ५ मेच्या मुलांच्या सणाला ओकच्या पानात गुंडाळतात त्या काशिवामोचीसाठी, चांगली बारीक पिठी वापरून पाहण्यास हरकत नाही. उकड काढण्याची सवय असलेल्या हाताला ही मिठाई लवकर जमते.

शिरातामाको आणि मोचिको ही पिठे मात्र चिकट तांदळाची असतात. हा तांदूळ शिजल्यावर लांबतो, ओढला जातो, आणि आंबेमोहोर किंवा बासमतीने ते होत नाही. आसामातील बोरा साउल हा आपल्या देशातला चिकट तांदूळ आहे, तो मिळाला तर मोचीचा, म्हणजे चिकट तांदळाच्या लवचीक गोळ्यांचा, सराव करता येतो. शिरातामाको चिकट तांदूळ पाण्यासह वाटून, खाली बसलेला साका वाळवून करतात, म्हणून ते खड्यांच्या रूपात मिळते आणि त्याची मिठाई अधिक मऊ होते. चिकट तांदूळ वाफवून, वाळवून, भरड केला की त्याला दोम्योजी म्हणतात. क्योटो-ओसाकाकडील साकुरामोची याच भरडीची असते, तर टोकियोकडे त्याच नावाची मिठाई गव्हाच्या पिठाच्या पातळ धिरड्यात आन गुंडाळून करतात.

कुझू हे वेगळेच प्रकरण आहे. ते कुझूच्या वेलीच्या मुळांतून हिवाळ्यात काढलेले सत्त्व. नारा प्रांतातील योशिनो भाग त्यासाठी प्रसिद्ध आहे. शिजवताना दुधासारखे पांढरे मिश्रण एका क्षणी काचेसारखे पारदर्शक होते. तो क्षण प्रत्येक शिकणाऱ्याने एकदा तरी स्वतः पाहावा.

नेरिकिरी घरी कशी करावी?

नेरिकिरी म्हणजे पांढऱ्या आनात चिकट तांदळाचे थोडे पीठ मिळवून मळलेला, मातीसारखा घडवता येणारा लगदा. दुकानांत शिरोआनमध्ये ग्युही, म्हणजे साखर घालून शिजवलेला मऊ मोचीचा गोळा, मिसळतात. क्योटोमध्ये तेच काम कोनाशी करते. तिच्यात पांढऱ्या आनात गव्हाचे पीठ घालून ते वाफवतात आणि मळतात. त्यामुळे ती थोडी अधिक भरीव लागते.

घरच्या सरावासाठी मी २०० ग्रॅम शिरोआनला ६ ग्रॅम शिरातामाको आणि १२ ग्रॅम पाणी असे प्रमाण घेते. आधी शिरोआन पसरट भांड्यात घेऊन वर कागदी रुमाल झाकावा आणि मायक्रोवेव्हमध्ये एकेक मिनिट तापवत, दर वेळी ढवळत कोरडे करावे. ते उकडून कुस्करलेल्या बटाट्यासारखे भुरभुरीत दिसू लागते. हाताच्या पाठीने दाबून पाहावे, आणि त्वचेला चिकटले नाही की थांबावे. मग पाण्यात गुठळी न ठेवता कालवलेले पीठ त्यात मिसळून पुन्हा तापवावे आणि ढवळावे. आता लगदा ओल्या, घट्ट पिळलेल्या सुती फडक्यावर घ्यावा, त्याचे तुकडे तोडून गार होऊ द्यावेत, फडक्यासकट एकत्र मळावेत, पुन्हा तोडावेत, पुन्हा मळावेत. तीन-चार फेऱ्यांत रंग उजळतो आणि पोत गुळगुळीत होतो. रंग त्यानंतर घालावा, तोही टूथपिकच्या टोकावर मावेल इतकाच.

हवेनुसार हे प्रमाण बदलते. पुण्याच्या एप्रिलमध्ये पृष्ठभाग पाहता पाहता तडकतो, म्हणून गोळे सतत ओल्या फडक्याखाली ठेवावे लागतात. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात करायची असेल तर आन एक पायरी जास्त कोरडे करावे.

आकार देणे कितपत अवघड आहे? कोणती साधने लागतात?

पहिले कौशल्य आकाराचे नसून भरण्याचे आहे. त्याला होआन म्हणतात. साधारण २५ ग्रॅम नेरिकिरीची पारी करून तिच्यात १५ ग्रॅम आनाची गोळी ठेवायची, आणि पारी सगळीकडे सारख्या जाडीची राहील अशी ती वर सरकवत बंद करायची. पुरणपोळीचा उंडा भरणारी व्यक्ती हे काम पहिल्या दिवशी इतरांपेक्षा बरे करते, हे मी अनेकदा पाहिले आहे. फरक एवढाच की उंडा पुढे लाटायचा असतो, त्यामुळे तोंडाशी जमलेला जाडपणा खपून जातो. नेरिकिरी मधोमध कापल्यावर मात्र सगळे दिसते. म्हणून सरावाची प्रत्येक मिठाई सुरीने कापून पाहावी. मधली गोळी एका बाजूला सरकलेली दिसली तर तो हात अजून फुलाकडे वळू नये.

बोकाशी, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणारी छटा, हे दुसरे कौशल्य. पांढऱ्या पारीत गुलाबी तुकडा बसवतात आणि दोघांच्या सीमेवर अंगठा हलकेच फिरवून रेष पुसतात, किंवा रंगीत थरावर पातळ पांढरा थर चढवून आतला रंग झिरपल्यासारखा दाखवतात.

साधने फार थोडी. तीन कडांची लाकडी पट्टी, सांकाकुबेरा, सर्वांत उपयोगी. तिच्या एका कडेने एक रेघ उमटते, दुसरीने दुहेरी, आणि टोकाने परागांचा ठिपका. सुती फडके दुसरे. त्यात गोळा धरून पिळले की फडक्याच्या चुण्याच पाकळ्या होतात. किंतोन या मिठाईसाठी चाळणी लागते. तिच्यातून लगदा दाबला की शेवयांसारखे तुकडे पडतात, आणि ते बारीक टोकाच्या काड्यांनी आनाच्या गोळीभोवती, न चेपता, बाहेरून लावत जायचे असतात. कोरड्या मिठाईचे लाकडी साचे पूर्वीपासून डोंगरी चेरीच्या लाकडात कोरतात, आणि नक्षी उलटी कोरावी लागते, डावी बाजू उजवीकडे, उंच तिथे खोल. कात्रीने शेकडो पाकळ्या उचलून केलेली शेवंती पाहून पुष्कळजण शिकायला येतात. ती वर्षभराच्या सरावानंतर हाती घ्यावी.

प्रत्येक मिठाईला वेगळे नाव का असते? ते शिकणे आवश्यक आहे का?

आवश्यक आहे, आणि माझ्या मते शिकण्याचा निम्मा आनंद तेथे आहे. या नावाला कामेई म्हणतात. नावासह येणारी नेरिकिरी व कोनाशी ही मिठाई जपान सरकारने २०२२ साली अमूर्त सांस्कृतिक ठेवा म्हणून नोंदवली, यावरून नावाचे वजन कळावे. यजमान मिठाई पुढे ठेवतो, पाहुणा नाव विचारतो, आणि ते ऐकल्यावर ताटलीतला हिरवा-पांढरा गोळा बर्फातून डोकावणारे गवत होतो.

‘किसेवाता’ या मिठाईचे उदाहरण घ्यावे. तिचा अर्थ पांघरलेला कापूस. नवव्या महिन्याच्या नवमीला शेवंतीचा सण असे. त्याच्या आदल्या रात्री राजवाड्यात शेवंतीवर कापूस ठेवत, सकाळी दव आणि सुवास शोषलेल्या त्या कापसाने अंग पुसत, आणि त्याने आयुष्य वाढते असे मानत. मिठाईत गुलाबी शेवंतीच्या गोळ्यावर चाळणीतून काढलेला पांढरा झुबका ठेवतात. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी झुबका मधोमध थापून देतो, ठाऊक असलेला तो हलकाच टेकवतो.

क्योटोत ३० जूनला मिनाझुकी खातात. पांढऱ्या उइरोच्या, म्हणजे पिठाच्या वाफवलेल्या, वडीवर अझुकीचा थर देऊन त्रिकोणी तुकडे कापलेले असतात. त्रिकोण बर्फाच्या तुकड्याचा, कारण पूर्वी उन्हाळ्यात बर्फ फक्त दरबाराला मिळे, आणि लाल दाणे अरिष्ट टाळणारे. वर्षाचा अर्धा भाग सरल्यावर पापे झाडून टाकण्याचा तो दिवस आहे.

ऋतूच्या किंचित आधी चालणे ही येथील शिस्त आहे. चेरी पूर्ण बहरल्यावर चेरीची मिठाई मांडणे उशिराचे समजतात, कारण खऱ्या फुलाशी स्पर्धा करायची नसते. महाराष्ट्रात राहून करणाऱ्याने जपानी ऋतूंची नक्कल करावी की बहाव्याचा पिवळा आणि पळसाचा केशरी घ्यावा? आधी दोन वर्षे जपानी नमुने जसेच्या तसे करावेत, मग बहावा आपोआप हाताशी येतो.

कांतेन आणि चायना ग्रास एकच का?

होय, दोन्ही समुद्रशैवालापासूनच काढतात. ते पाण्यात भिजवून, उकळी आणून पूर्ण विरघळवावे आणि मगच साखर घालावी. साखर आधी पडली तर ते नीट विरघळत नाही. आंबट रस उकळत्या मिश्रणात घातला तर वडी धरत नाही, म्हणून तो थोडे निवल्यावर घालावा. मिझुयोकानसारख्या (जास्त पाण्याचे मऊ योकान) मिठाईत आन खाली बसून दोन थर होतात अशी तक्रार वारंवार येते. मिश्रण पातेल्यात ढवळत ढवळत कोमट होऊ दिले आणि गोठण्याच्या थोडे आधी साच्यात ओतले की ती दूर होते.

साखर कमी केली तर चालेल का?

थोडी चालेल, अर्धी नाही. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे आन टिकते आणि ग्युही दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. ही मिठाई कडवट माच्चाबरोबर, ४० ते ५० ग्रॅमच्या एकाच नगात खायची आहे, हे लक्षात ठेवले की गोडी जास्त वाटत नाही.

ही मिठाई शाकाहारी असते का?

बहुतांश असते. दूध आणि तूप तर जवळजवळ नसतेच. दोरायाकी (आन भरलेली जाड धिरडी) आणि कासुतेरा (स्पंज केक) यांत मात्र अंडे असते. आधुनिक दुकानांत कांतेनच्या जागी कधी जिलेटिन वापरतात, तेथे विचारून घ्यावे.

कोनपेइतो आणि आपला संक्रांतीचा हलवा यांत काही नाते आहे का?

कोनपेइतो म्हणजे साखरेचे काटेरी दाणे. हे नाव पोर्तुगीज ‘कोन्फेइतो’वरून आले. लुईस फ्रॉईश हे जेझुइट पाद्री १५४८ साली गोव्यात आले, तेथेच शिकले, १५६३ साली जपानला पोहोचले, आणि १५६९ साली क्योटोत ओदा नोबुनागा या सरदाराला त्यांनी काचेच्या बाटलीतून कोनपेइतो भेट दिले. गोवा आणि जपानी मिठाई यांच्यातला हा खराखुरा दुवा आहे.

हलव्याशी ऐतिहासिक नाते मी सांगणार नाही, कारण तसा पुरावा माझ्यापाशी नाही, परंतु कृती इतकी जवळची आहे की पाहताना मन भरून येते. जुन्या काळी कोनपेइतोच्या गाभ्यातही तीळ किंवा खसखस असे. आपल्या घरी परातीखाली मंद निखारे ठेवून, तिळावर चमचाभर पाक टाकत, बोटांनी सतत फिरवत काटा आणतात. तेथे मोठी तिरकी कढई तापत फिरत राहते, कारागीर गाभ्यावर थोडा थोडा पाक ओततो आणि कणांच्या पडण्याचा आवाज ऐकत राहतो. पूर्ण दाणा व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. काटे का फुटतात यावर तेरादा तोराहिको या भौतिकशास्त्रज्ञांनीही विचार केला होता. हे घरी करायचे असेल तर जपानी कृती शोधू नये, हलवा करणाऱ्या आजीजवळ जाऊन बसावे.

जपानमध्ये कोठे शिकता येते?

प्रवाशांसाठी क्योटोत तास-दीड तासाचे वर्ग असतात. कानशुन्दो हे जुने दुकान असे वर्ग घेते. तीन-चार मिठाया स्वतः करून त्यांतली एक माच्चाबरोबर खाता येते. लगदा तयार मिळतो, त्यामुळे हे चव घेण्यापुरते समजावे. त्सुरुया योशिनोबु या १८०३ पासूनच्या दुकानाच्या क्योटोतील मुख्य शाखेत कारागीर समोर बसून मिठाई घडवतो. माझ्या मते नवख्याला त्या वीस मिनिटांतून अधिक मिळते, फक्त डोळे फुलावर न ठेवता त्याच्या डाव्या हातावर ठेवावेत, कारण गोळा फिरवतो तो डावा हात.

व्यवसाय म्हणून शिकायचे असेल तर टोकियो सेइका गाक्को या संस्थेत वागाशीचा स्वतंत्र दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. शिकवणे जपानीत चालते, म्हणून आधी भाषेची चांगली तयारी हवी. दुकानात उमेदवारी हा दुसरा मार्ग, आणि तेथे सुरुवातीचा काळ भांडी, दाणे निवडणे आणि आन ढवळणे यातच जातो. कारागिरांसाठी सरकारमान्य कौशल्य परीक्षाही असते, पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीची.

तयार मिठाई किती दिवस टिकते? फ्रिजमध्ये ठेवावी का?

जोनामागाशी त्याच दिवशी खावी. मोची, दांगो आणि तांदळाची इतर मिठाई फ्रिजमध्ये ठेवू नये. शिजलेले पिष्ट थंडीत वेगाने कडक होते, आपला उरलेला भात होतो तसेच. नेरिकिरी मात्र हवाबंद डब्यात गोठवता येते. ती आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवावी, आणि पाहुणे येण्याआधी अर्धा तास बाहेर काढून डबा बंदच राहू द्यावा. आधी उघडला तर हवेतली वाफ थंड पाकळ्यांवर धरते आणि टोकावरचा रंग ओघळतो.